त्यांना सवय असते

आखाजी होऊन चारच दिवस झाले होते. निफाड तालुक्यात ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वावरात उन्हाळ कांद्याची काढणी चालली होती. दुपारचे दोन वाजलेले. नऊ बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या अंगात साडीवरून नवऱ्याचा नाहीतर भावाचा फुल शर्ट, डोक्याला आणि तोंडाला फडकं, हातात विळा. उपटून ठेवलेला कांदा उचलायचा, एका झटक्यात पात, दुसऱ्या झटक्यात मुळं, आणि कांदा ढिगावर. एकरी उक्तं काम, त्यामुळे हात थांबत नव्हते. बांधावरच्या लिंबाखाली थंड पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवला होता. सकाळी सातला आलेला तो जार दोन वाजेपर्यंत निम्मासुद्धा उतरला नव्हता. नऊ बायका, सात तास, दहा लिटरहून कमी पाणी. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि मालकाकडे पाहिलं. त्याला कळलं. "त्यांना सवय असते हो," तो म्हणाला. माणूस काही दुष्ट नाही. जार त्यानं पदरमोड करून आणला होता आणि सावलीत ठेवला होता.

थोड्या वेळानं ओळीतल्या सगळ्यात वयस्कर बाईंशेजारी जाऊन बसलो. "मावशी, पाणी नाही पित तुम्ही?" त्या विळा न थांबवता म्हणाल्या, "पितो ना. पन पानी पिलं का उठावं लागतं, भाऊ. उठून जायचं कुठं? समदं वावर उघडं."

मालकाचं वाक्य आणि मावशींचं वाक्य, दोन्ही तेव्हापासून डोक्यात आहेत. मालकाचं वाक्य आपण सगळेच बोलतो. भर उन्हात डांबर टाकणाऱ्यांबद्दल बोलतो, स्लॅबवर घमेली वाहणाऱ्यांबद्दल बोलतो, एप्रिलात द्राक्षाच्या खरड छाटणीला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्यांबद्दल तर हमखास बोलतो. काटक माणसं, उन्हातान्हात वाढलेली, त्यांना काही होत नाही. या वाक्याची गंमत अशी की ते साफ खोटं नाही. उन्हाची सवय ही चीज खरोखर असते, शरीरात असते, मोजता येते. मग ती मोजूनच पाहावी, आणि मोजल्यावर तिच्यातून काय निघतं तेही पाहावं.

तर त्या नऊ शर्टांच्या पाठी. सगळ्या ओल्या होत्या, पण दोघींच्या पाठीवर घामाच्या कडेनं पांढऱ्या मिठाच्या जाड रेघा उमटल्या होत्या, नकाशावर किनारपट्टी काढावी तशा. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या दोघी परवाच टोळीत आल्या होत्या. बाकीच्या महिनाभर उन्हात होत्या. शर्ट धुतला केव्हा, सकाळी खाल्लं काय, यावरही ते अवलंबून असतं, त्यामुळे दोन शर्टांवरून मी सिद्धांत मांडणार नाही. पण सिद्धांत आधीच मांडला गेलेला आहे आणि तो नेमका हेच सांगतो. उन्हाला नवख्या माणसाच्या घामात मीठ जास्त असतं. आठ-दहा दिवस रोज तापल्यावर मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात आणि घामाची नळी बाहेर जाणारं मीठ अर्ध्या वाटेवरून परत खेचून घेऊ लागते. घाम पातळ, जवळजवळ पाण्यासारखा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जेरोम कॉन हा अमेरिकी डॉक्टर उष्ण-दमट प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांसाठी याच घामाच्या मिठाचा अभ्यास करत होता. पुढे १९५५ मध्ये त्यानं रक्तदाब वाढवणारा एक आजार ओळखला, जो आज त्याच्या नावानं ओळखला जातो, कारण मीठ धरून ठेवणारं शरीर कसं दिसतं हे त्याला सैनिकांच्या घामानं आधीच शिकवलं होतं.

मीठ ही एक खूण. बाकीच्या खुणा आत आहेत. रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, पहिल्या आठवड्यातच वाढतो, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. रक्त वाढलं की हृदयाला एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं सांभाळणं जमू लागतं: काम करणारे स्नायू आणि थंड व्हायला रक्त मागणारी कातडी. त्यामुळे त्याच कामाला नाडीचे ठोके कमी लागतात. घाम लवकर फुटतो, म्हणजे शरीर थोडंसं तापलं की लगेच. आतलं तापमान कामाच्या शेवटी आधीपेक्षा खाली राहतं. पेशींच्या आत हीट शॉक प्रथिनं साठतात, जी तापलेल्या प्रथिनांची घडी विस्कटू देत नाहीत. यांचा शोधही गमतीचा. फेरुचिओ रितोस्सा या इटालियन संशोधकाच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या पेटीचं तापमान चुकून वाढलं, आणि माश्यांच्या गुणसूत्रांवर नको तिथे फुगे दिसले. १९६२ मध्ये त्यानं ते छापलं. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

हे सगळं घडायला १० ते १४ दिवस लागतात. आणि उन्हातून बाहेर पडलं की आठवड्याभरात ओसरू लागतं, तीन-चार आठवड्यांत बहुतेक निघून जातं. म्हणजे सवय ही कुणाच्या रक्तात, जातीत, गावात नसते. दर उन्हाळ्याला ती नव्यानं मिळवावी लागते, आणि मिळवताना जे दिवस जातात तेच सगळ्यात वाईट असतात. अमेरिकेत उघड्यावर काम करताना उष्णतेनं मेलेल्यांच्या नोंदी पाहिल्या तर निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतले निघतात. म्हणून तिथली कामगार-आरोग्य संस्था सांगते की नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या फक्त २० टक्के काम उन्हात द्या, मग रोज आणखी २०. आपल्याकडे उक्त्याच्या टोळीत परवा आलेल्या बाईला पहिल्या सकाळपासून पूर्ण ओळ धरावी लागते. मुकादम तिला पाचवा हिस्सा काम देईल आणि पूर्ण मजुरी देईल, असा मुकादम मी तरी पाहिला नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. सवय झालेल्या शरीराच्या या खुणा पुन्हा एकदा वाचा. घाम लवकर फुटतो. घाम जास्त येतो. रक्तातलं पाणी वाढतं. या तिन्हींना लागतं काय? पाणी. उन्हाला सरावलेलं शरीर पाण्याच्या बाबतीत काटकसरी होत नाही, खर्चिक होतं. वाचवतं ते फक्त मीठ. नवख्या माणसाला ताशी एक लिटर घाम आला, तर सरावलेल्याला त्याच कामाला त्याहून जास्त येऊ शकतो आणि म्हणूनच तो टिकतो. आपण मात्र "त्यांना सवय असते" म्हणताना नेमकं उलटं मनात धरतो: सवय असलेल्याला पाणी कमी पुरतं, सावली कमी लागते, थांबावं कमी लागतं.

हा गैरसमज निफाडच्या मालकाचा एकट्याचा नाही. जगातल्या मोठमोठ्या लष्करांचा होता. सैनिकाला रोज थोडं थोडं कमी पाणी देत गेलं की त्याचं शरीर कमी पाण्यावर चालायला शिकतं, अशी शिस्तच होती. दुसऱ्या महायुद्धात रोचेस्टर विद्यापीठाचा एडवर्ड अॅडॉल्फ आणि त्याचे सहकारी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांना चालवून, तोलून, त्यांचा घाम मोजून हेच तपासायला बसले. १९४७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. निष्कर्ष सरळ होता: माणूस उन्हाला सरावतो, तहानेला सरावत नाही. पाणी तोडलं म्हणून घाम तुटत नाही. शरीर तितकाच घाम गाळत राहतं आणि तो रक्तातून काढतं. शिवाय त्यांना दिसलं की समोर पाणी असलं तरी माणसं घामाइतकं पीत नाहीत. तहान मागे राहते. ज्यांच्यासमोर पाणी आहे त्यांची ही गत. मावशींसमोर पाणी होतं आणि आडोसा नव्हता.

इथे एखादा जाणकार मला अडवील, आणि अडवावंच. तो म्हणेल, दहा दिवसांची सवय वेगळी आणि जन्मभराची वेगळी. उष्ण प्रदेशात जन्मलेल्या माणसाला घाम उशिरा येतो, कमी येतो, तो उलट काटकसरी असतो. बरोबर आहे. जपानी शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यानं घामावर आयुष्य घालवलं. १९५६ च्या त्याच्या ग्रंथात वेगवेगळ्या लोकांच्या सक्रिय घर्मग्रंथींची मोजणी आहे. उत्तरेच्या थंडीतल्या ऐनू लोकांत साधारण १४ लाख, जपान्यांत २३ लाखांच्या आसपास, फिलिपिनो लोकांत २८ लाख. हे पाहून 'वंश' हा शब्द जिभेवर येतोच. पण कुनोनं आणखी एक मोजणी केली. मोठेपणी उष्ण प्रदेशात गेलेल्या जपान्यांच्या ग्रंथी जपानइतक्याच होत्या. तिथेच जन्मलेल्या जपानी मुलांच्या वाढलेल्या होत्या. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांत बाळ जितकं तापतं, तितक्या ग्रंथी कामाला लागतात, मग तो दरवाजा बंद होतो. पाळण्यातला उन्हाळा, एवढंच. त्या हिशेबानं एसीत वाढलेलं गंगापूर रोडवरचं बाळ आणि पत्र्याच्या खोलीत वाढलेलं बाळ, दोघांच्या कातडीत कायमचा फरक पडत असेल, आणि तो कुठल्या जातीच्या दाखल्यावर लिहिलेला नसेल.

जनुकांचंही थोडक्यात सांगतो. तिबेटी लोकांना विरळ हवेत तारणारं जनुक २०१० मध्ये सापडलं. समुद्रात बुड्या मारणाऱ्या बजाऊ लोकांची मोठी प्लीहा आणि तिच्याशी जोडलेलं जनुक २०१८ मध्ये. उष्णतेच्या बाबतीत, अमुक लोकांना ऊन बाधत नाही असं सांगणारं एकही ठसठशीत जनुक तसं हाती नाही. याचं कारणही समजण्यासारखं आहे. उघडी कातडी आणि लाखो घर्मग्रंथी हा साऱ्या मनुष्यजातीचाच ठेवा आहे. आपण सगळेच उष्ण माळरानावरचे प्राणी. राहिला काळा रंग. तो उन्हापासून वाचवतो म्हणजे अतिनील किरणांपासून, फोलेट नासू नये म्हणून; उष्णतेपासून नव्हे. काळी कातडी उष्णता उलट थोडी जास्तच शोषते. 'काळीसावळी, काटक' ही जोडी आपल्या भाषेत इतकी घट्ट बसली आहे की तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानातच येत नाही.

आणि जन्मभराची काटकसर मान्य करूनही एक हिशेब शिल्लक राहतो, जो शरीराचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा कातडीहून, म्हणजे ३५-३६ अंशांहून, गरम झाली की वारासुद्धा अंग तापवतो. तेव्हा घामाशिवाय दुसरी वाट नाही. कष्टाचं काम करणारं अंग स्वतःच भट्टी असतं. ती उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. काटकसरी अंगालाही उक्त्याचा वेग धरल्यावर तेवढं पाणी गाळावंच लागतं, नाहीतर आतलं तापमान चढू द्यावं लागतं.

नाशिकपासून हाकेच्या अंतरावर या साऱ्या गोंधळाचं एक स्मारक आहे, फक्त ते शब्दकोशात आहे. देवळालीची छावणी १८६१ ची. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजं मुंबईहून सुटत ती साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात संपली त्याला सारा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीत काढावा लागे, काम नाही, धंदा नाही. माणसं दारू पीत, भांडत, भ्रमिष्टासारखी वागत. त्याला शिपायांच्या बोलीत 'डूलाली टॅप' म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात. गोऱ्या डॉक्टरांचं तेव्हाचं मत असं की गोरं शरीर या देशाच्या सूर्यासाठी घडलेलंच नाही. म्हणून सोला टोपी, पाठीच्या कण्यावर गादीची पट्टी, पोटाला फ्लॅनेलचा पट्टा. फ्लॅनेल, मे महिन्यात! आणि गंमत म्हणजे देवळालीची हवा चांगली, कोरडी, रात्री गार. म्हणून तर पुढे तिथे आरोग्यधामं उभी राहिली. त्या शिपायांना झालेला ताप कंटाळ्याचा होता. पण 'त्यांचं शरीर वेगळं' या कल्पनेची एक बाजू देवळालीच्या बराकीत होती, तर दुसरी बाजू बराकीबाहेर पंखा ओढत बसली होती: याला काय होतंय, याला सवय आहे.

ही दुसरी बाजू किती दूर जाते ते पाहायचं तर दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत उतरावं लागतं. उष्णतेची सवय या विषयावरचं आपलं कितीतरी ज्ञान तिथून आलं आहे. खाणी खोल गेल्या तसा खडक तापला, धूळ बसवायला पाणी मारलं म्हणून हवा दमट झाली, आणि १९२४ मध्ये उष्माघाताचा पहिला बळी नोंदला गेला. त्यानंतर ड्रिओस्टी नावाच्या खाण-डॉक्टरनं काळ्या मजुरांना गरम, दमट खोलीत दगड फावड्यानं उपसायला लावून कुणाचं अंग किती तापतं ते मोजलं आणि त्यांची वर्गवारी केली. १९३५ मध्ये त्यानं ते छापलं. पुढे वाफेनं तापवलेल्या मोठ्या खोल्या आल्या, तालावर पायरी चढायची-उतरायची, दिवसामागून दिवस, मग खाली रवानगी. मृत्यू कमी झाले, हे नाकारून चालणार नाही. पण प्रश्न विचारला गेला होता तो असा: या माणसांकडून आणखी खोल, आणखी गरम जागी काम कसं घेता येईल? हवा गार करणं महाग, माणूस सरावणं स्वस्त. सवयीच्या खुणा मोजणारं शास्त्र जन्मलं ते या हिशेबातून. म्हणून या शास्त्राचे आकडे वाचताना मी नेहमी पाहतो की मोजणारा कुणाच्या पगारावर आहे.

याच शास्त्राची दुसरी शाखा मात्र मर्यादा शोधत होती. जे. एस. हाल्डेन हा ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ, ज्याचा मुलगा पुढे भारतात येऊन राहिला आणि भुवनेश्वरला वारला. थोरले हाल्डेन खाणींत उतरत आणि स्वतःच्या अंगावर प्रयोग करत. १९०५ मध्ये त्यांनी सांगितलं की साध्या तापमानाकडे पाहून उपयोग नाही. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि ते काय दाखवतं ते पाहा, ज्याला आज सगळे वेट बल्ब म्हणतात. तो आकडा ३१ अंशांच्या वर गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाचंही अंग तापत जातं. शंभरहून अधिक वर्षांनी, २०२२ मध्ये, अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर मोजलं तेव्हा दमट हवेतली मर्यादा पुन्हा ३१ च्या आसपासच निघाली. मधल्या काळात कागदोपत्री ३५ हा आकडा फिरत होता. आणि कोरड्या, फार गरम हवेत तर मर्यादा आणखी खाली, २५ ते २८, कारण तिथे हवा घाम ओढायला तयार असते पण शरीर तेवढा घाम पुरवू शकत नाही.

या फरकाचा अर्थ नाशिककरानं समजून घ्यायला हवा. आपल्याकडे एप्रिलात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब २३ च्या आसपास. ३८ अंश आणि ४५ टक्के आर्द्रता धरली, तर तो २८ पर्यंत जातो. पारा दोन अंश खाली आणि धोका कितीतरी वर. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात पारा ३८ च्या आसपासच होता. तासन्‌तास उघड्यावर बसलेल्या लोकांपैकी १४ जण गेले. राज्यभरातून, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, आयुष्यभर ऊन पाहिलेली. सवय नव्हती असं त्यांच्याबद्दल कोण म्हणेल? खाडीकाठच्या हवेत घाम निथळतो आणि वाळत नाही, एवढ्या एका गोष्टीपुढे सारी सवय निरुपयोगी. नाशिकच्या कोरड्या उन्हात उलट फसवणूक आहे. घाम फुटल्याफुटल्या वाळतो, अंग कोरडं लागतं, आणि माणसाला वाटतं, आपल्याला घाम आलाच नाही; मग पाणी कशाला? शर्टावरची मिठाची रेघ तेवढी खरं सांगते.

याच जिल्ह्यात मालेगाव आहे. तिथे पारा ४३ च्या पुढे जाणं ही बातमीसुद्धा राहिलेली नाही. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत उभा असतो. सुताला ओलावा हवा, कोरड्या हवेत ते तुटतं. सुताच्या या हट्टापायी इंग्लंडातल्या मागवाल्यांचे इतके हाल झाले की १८८९ मध्येच तिथे कापड कारखान्यांतल्या दमटपणावर कायद्यानं मर्यादा घातली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही उष्णतेची, हवेची कलमं होती, आणि अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाणी द्यावं, असं स्पष्ट लिहिलं होतं. अडीचशे! मालेगावच्या शेडांत एवढी माणसं एका छपराखाली सापडायची नाहीत, आणि वावर म्हणजे तर कारखानाच नव्हे. कांद्याच्या ओळीत बसलेल्या बाईच्या पाण्याचा, सावलीचा, आडोशाचा उल्लेख तिथे कुठून येणार.

नुकसान कसं दिसतं याच्याही खुणा आहेत, आणि त्या सवयीच्या खुणांइतक्याच मोजता येण्याजोग्या आहेत. दिवसअखेरीस लघवी घट्ट, गडद. रक्तातलं क्रिएटिनिन सकाळपेक्षा संध्याकाळी वर. एखादा दिवस असं झालं तर रात्रीत भरून निघतं. रोज झालं तर मूत्रपिंड हळूहळू सुकतं. एल साल्वाडोर आणि निकाराग्वात ऊस तोडणारे तरुण, ज्यांना ना मधुमेह ना रक्तदाब, मूत्रपिंड निकामी होऊन हजारोंनी मेले, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. आणि ते नवखे नव्हते. हंगामामागून हंगाम सरावलेले होते, गावातले सगळ्यात काटक गडी. सवयीनं त्यांना उष्माघातापासून वाचवलं, म्हणून ते रोज पुन्हा उन्हात उभे राहू शकले, आणि म्हणूनच मूत्रपिंड रोज थोडं थोडं गेलं. मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. काटकपणा नुकसान थांबवत नाही, लांबवतो आणि लपवतो.

आपल्या बायकांच्या बाबतीत सुरुवातच तोट्यातून होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सरावाच्या काळात रक्त पातळ होतं, पाणी वाढतं. ज्या रक्तात आधीच हिमोग्लोबिन कमी, ते आणखी पातळ झाल्यावर हृदयाला काय करावं लागत असेल याचा विचार करा. शिवाय वाढलेला प्लाझ्मा काही हवेतून येत नाही. त्याला पाणी लागतं, मीठ लागतं, प्रथिनं लागतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुके पावसाळ्यात दोन-दोन हजार मिलिमीटर पाऊस झेलतात आणि मार्च-एप्रिलात त्यांच्या विहिरी तळ दाखवतात. तिथली बाई पहाटे उठून डोंगर उतरून हंडा आणते, मग पिकअपमध्ये बसून दिंडोरी-निफाडकडे कामाला येते. तिच्या शरीरानं सराव करायचा तर कशाच्या बळावर? रात्रीही पत्र्याखाली. अंगाला निवायला गार रात्र लागते, ती तिथे मिळेलच असं नाही.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला हे सगळं कुठून कळणार? तर त्याला कळतं. माझ्या त्याच ओळखीच्या शेतकऱ्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. थंडीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की तो रात्री बागेत शेकोट्या पेटवतो. दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला की मणी गुलाबी पडतात, म्हणून प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो, हातानं, एकेका घडाला. किती अंशाला काय होतं, कधी पाणी तोडायचं, कधी द्यायचं, सगळं तोंडपाठ. कमाल-किमान दाखवणारा तापमापक बागेच्या खांबाला टांगलेला आहे. घडाला सवय होईल असं तो कधीच म्हणत नाही.

पाच वाजता काम सुटलं. पिकअप बांधाला येऊन लागला. बायकांनी विळे पिशवीत टाकले, फडकी सोडून तोंडावरून फिरवली. मावशींनी जाताना जारच्या तोटीखाली ओंजळ धरली, दोन ओंजळी प्यायल्या, तिसरी डोळ्यांवर मारली. घरी पोचायला तासभर होता, आता चालण्यासारखं होतं. त्या गेल्यावर मालकानं जार उचलून पाहिला. अजून बराच जड होता. जार रिकामाच परत द्यायचा असतो, म्हणून त्यानं तो लिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकला.